बटाट्याची न्योकी आणि सीफूड क्रीम सॉस: पाणी कुठे राहतं आणि क्रम कुठे चुकतो

न्योकी, म्हणजे बटाटा-मैद्याचे पाण्यात उकळून खायचे छोटे इटालियन तुकडे. ती पाण्यात टाकली आणि विरघळून गेली, किंवा उलट, इतकी घट्ट झाली की दोन घास खाऊन लोकांनी काटा खाली ठेवला. या दोन तक्रारी फिरून फिरून येतात. तिसरी सॉसची असते, क्रीम फाटलं आणि कोळंबी आखडून रबर झाली. बरेच जण मग रेसिपी बदलून बघतात, अंडं वाढवतात, मैदा वाढवतात, पण प्रमाणात फारसं काही चुकलेलं नसतं हो. चुकतं ते दोन ठिकाणी, पाणी आणि क्रम.

बटाट्यात पाणी राहिलं की पीठ हाताला चिकटतं, चिकटलं की आपण मैदा घालतो, मैदा वाढला की मळत बसावं लागतं आणि मळलं की ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) तयार होऊन तुकडे चिवट होतात. म्हणजे सुरुवातीला बटाट्यात जेवढं पाणी सोडलं त्याची किंमत शेवटी मैद्याने चुकवायची. सॉसचंही तसंच, ओली कोळंबी पॅनमध्ये टाकली की ती भाजली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते, मग आपण तिला रंग यावा म्हणून जास्त वेळ ठेवतो आणि तिथेच ती हातची जाते.

खालचं प्रमाण चार जणांना पोटभर आहे. पहिल्यांदाच करत असाल तर अर्ध्या प्रमाणात करा, कारण वळायला वेळ लागतो आणि हे पीठ वाट बघत नाही.

## साहित्य

न्योकीसाठी: बटाटे १ किलो, मैदा २०० ते २८० ग्रॅम (सगळा लागेलच असं नाही), १ अंड्याचा फक्त पिवळा बलक, मीठ १० ग्रॅम म्हणजे साधारण दोन छोटे चमचे, आवडत असेल तर किंचित जायफळ. ट्रेवर भुरभुरवायला बारीक रवा.

सॉससाठी: डोकं आणि कवचासकट कोळंबी ५०० ग्रॅम, काळे शिंपले म्हणजे मसल्स किंवा तिसऱ्या ५०० ग्रॅम, साफ केलेला स्क्विड म्हणजे माकूल २०० ग्रॅम, ३५ टक्के किंवा जास्त फॅटचं क्रीम ३०० मिली, कोरडी व्हाइट वाइन २५० मिली, बटर ४० ग्रॅम, कांदे दोन लहान, लसूण ३ पाकळ्या, टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा, एक लिंबू, मूठभर पार्सली, तेल, मिरी. तिन्ही प्रकारचं सीफूड मिळालं नाही तर नुसत्या कोळंबीवरही सॉस मस्त होतो, पण कवचं मात्र हवीतच.

वाइन नको असेल तर तेवढा स्टॉक (कवचं उकळून गाळलेलं पाणी, टप्पा २) वापरा आणि शेवटी लिंबू थोडं जास्त पिळा. वाइन कितीही आटवली तरी अल्कोहोल पूर्णपणे उडून जात नाही, त्यामुळे जेवणाऱ्यांपैकी कुणाला चालत नसेल तर आधीच सांगा किंवा घालूच नका. कवचाच्या माशांची ॲलर्जीही विचारून घ्या, ही चौकशी ताट वाढल्यावर करून उपयोग नाही.

भांडी: बटाट्याचा रायसर (उकडलेला बटाटा भोकांतून दाबून काढायचं यंत्र), नसेल तर पुरणयंत्र किंवा जाड भोकांची मजबूत चाळणी. मोठं पातेलं, झारा, पसरट पॅन, काटा, किचनचा वजनकाटा. वजनकाटा खरंच घ्या, कपाने मैदा मोजला की दर वेळी वेगळा भरतो आणि इथे ३० ग्रॅमचा फरकही खाताना कळतो.

## टप्पा १: कामाचा क्रम आधी ठरवा

हा टप्पा सगळे गाळतात. कोणती गोष्ट थांबू शकते आणि कोणती नाही, एवढंच बघायचं. कोळंबीच्या कवचाचा स्टॉक थांबू शकतो, आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो. क्रीम घालायच्या आधीपर्यंतचा सॉसही पॅनमध्ये पडून राहू शकतो. वळलेली न्योकी फार तर तासभर. मळलेलं पीठ १० मिनिटंसुद्धा नाही. आणि पूर्ण शिजलेलं सीफूड तर अजिबातच नाही.

म्हणून क्रम असा: स्टॉक, मग बटाटे उकडायला लावायचे, ते शिजत असताना सीफूड साफ आणि कोरडं करून फ्रीजमध्ये, मग पीठ आणि वळणं एका दमात, मग सीफूड झटपट भाजून बाजूला, त्याच पॅनमध्ये सॉस, आणि सॉसला क्रीम घातलं की दुसऱ्या बाजूला न्योकी उकळायची. बहुतेक लोक आधी न्योकी उकळून ठेवतात आणि मग सॉसला लागतात, तोवर तिचा एकच मोठा गोळा झालेला असतो.

## टप्पा २: कवचांचा स्टॉक

कोळंबी सोला, डोकी आणि कवचं एका भांड्यात, मांस दुसऱ्यात. पाठीवर उभी चीर देऊन काळा दोरा काढून टाका. कोळंबी फ्रोझन असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा, घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात. गरम पाण्यात टाकू नका, बाहेरून शिजायला लागते आणि आत बर्फ तसाच.

पातेल्यात चमचाभर तेल चांगलं तापवून कवचं आणि डोकी घाला आणि मोठ्या आचेवर ५ ते ६ मिनिटं परता. नुसती लाल झाली म्हणून थांबू नका, भाजल्याचा खमंग वास यायला हवा आणि पातेल्याच्या तळाला थोडं तपकिरी धरायला हवं. परतताना डोकी कलथ्याने दाबा, सगळा स्वाद आणि तो केशरी रंग तिथेच असतो. मग एक कांदा जाडसर चिरून, टोमॅटो पेस्ट घालून दोन मिनिटं परता, १०० मिली वाइन ओतून तळाचं खरवडून घ्या, वाइन आटली की ८०० मिली थंड पाणी. हलकी उकळी ठेवून २० ते २५ मिनिटं. वरचा फेस काढत राहा.

थांबा: अर्ध्या तासापेक्षा जास्त उकळू नका. जास्त उकळलं म्हणजे जास्त चव असं इथे होत नाही, स्टॉक कडवट व्हायला लागतो.

गाळून घ्या, कवचं गाळणीत दाबून पिळा, आणि गाळलेला स्टॉक आटवून २०० मिलीवर आणा. मीठ अजिबात घालू नका, आटल्यावर ते किती खारट होईल याचा अंदाज येत नाही आणि पुढे शिंपल्यांचं पाणी पण यायचंय.

कोळंबी सोललेलीच मिळाली असेल तर पांढऱ्या माशाची हाडं आणि डोकं वापरून २० मिनिटांचा स्टॉक करा. बांगड्यासारखा तेलकट मासा मात्र नको, त्याचा वास क्रीमवर स्वार होतो.

## टप्पा ३: बटाटे, खरं काम इथे आहे

बटाटा जुना, कोरडा, पिठूळ हवा. उकडल्यावर जो भुसभुशीत फुटतो तो. पातळ चकचकीत सालीचा नवा बटाटा यासाठी बाद, त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो, कितीही मैदा घाला तो सैलच राहतो. आपल्याकडचा बटाटा कसा आहे कळत नसेल तर एक आधी उकडून काट्याने दाबून बघा. कोरड्या कण्या सुटल्या तर घ्या, मेणासारखा गुळगुळीत दबला तर भाजीला ठेवा.

साधारण एकसारख्या आकाराचे, १५० ते २०० ग्रॅमचे बटाटे निवडा. सालीसकट, अख्खे, थंड पाण्यात घालून मग गॅस चालू करायचा, पाण्यात थोडं मीठ. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि मध्ये कच्चे राहतात. उकळी आल्यावर आच कमी करा, ३० ते ४० मिनिटं लागतात. पातळ सुरी सहज आरपार गेली की झालं. दर दोन मिनिटांनी टोचत बसू नका, प्रत्येक भोकातून पाणी आत जातं.

चिरून उकडू नका, सोलून उकडू नका, आणि कुकरमध्ये पाण्यात बुडवून तर नकोच, साली फाटून बटाटे पाणी पितात. कुकरच वापरायचा असेल तर जाळीवर ठेवून वाफेवर.

ओव्हन असेल तर माझं मत स्पष्ट आहे, भाजाच. काट्याने टोचून, २०० अंशांवर, साधारण तासभर, खाली ट्रेमध्ये जाड मिठाचा थर पसरून. पाणी आत जायचा प्रश्नच नाही, उलट असलेलं बाहेर जातं. मैदा २०० ग्रॅमच्या आतबाहेर पुरतो आणि बटाट्याची चव एकदम पुढे येते. फक्त साल जाड होते, तिच्याबरोबर थोडा बटाटा वाया जातो, तेव्हा १०० ग्रॅम जास्त घ्या.

आता सोलणं. गरम असतानाच सोलायचे, जाड पंचात धरून, सुरीने साल ओढत. हात भाजतात हे खरंय, पण थंड होऊ दिले तर दोन गोष्टी होतात: वाफ बाहेर जायच्या ऐवजी आतच पाणी होऊन बसते, आणि थंड बटाटा कुस्करताना त्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो, म्हणजे चिकट लगदा. सोलला की लगेच रायसरमधून काढा, तोही थेट मोठ्या परातीत किंवा ओट्यावर, पातळ थरात पसरून. ढीग करायचा नाही. वाफ दिसायची बंद होईपर्यंत पसरलेलाच राहू द्या, मध्ये एकदा स्क्रॅपरने (पीठ कापायच्या सपाट पट्टीने) हलक्या हाताने उलटा.

थांबा: मिक्सर, फूड प्रोसेसर, हँड ब्लेंडर यातलं काहीही नाही. दहा सेकंदात बटाट्याचा डिंक होतो आणि मग त्याला परत आणायचा कुठलाच उपाय नाही.

तपासा: पसरलेला बटाटा चिमटीत घेऊन दाबा. बोटांना ओलं लागलं, चकाकी आली, तर अजून पाणी आहे. पसरट पॅनमध्ये एकदम मंद आचेवर दोन-तीन मिनिटं कोरडा परतून घ्या, लागू देऊ नका.

## टप्पा ४: पीठ, मळायचं नाही

बटाटा कोमट झाला पाहिजे, हाताला सोसेल इतपत. फार गरम असेल तर बलक शिजतो, पार थंड असेल तर पीठ नीट धरत नाही. मीठ आणि जायफळ वरून भुरभुरवा, बलक फेटून सगळीकडे शिंपडा आणि २०० ग्रॅम मैदा चाळणीने चाळत एकसारखा पसरा. मीठ आधी घालून ठेवू नका, ते बटाट्याचं पाणी ओढून काढतं.

बलकाबद्दल: अख्खं अंडं घालू नका, पांढऱ्यात पाणीच जास्त असतं, परत मैद्याचं चक्र सुरू. सरावलेले लोक अंडं घालतच नाहीत आणि ती न्योकी खरंच जास्त हलकी होते, पण ती पाण्यात सांभाळणं अवघड. हात बसेपर्यंत बलक असू द्या.

आता स्क्रॅपरने वरून खाली कापत कापत मिसळा, गोल फिरवायचं नाही. कण्या कण्या दिसायला लागल्या की हाताने गोळा करून दाबा, दुमडा, पुन्हा दाबा. पाच-सहा वेळा दुमडून गोळा जमला पाहिजे, सगळं मिळून मिनिट-दीड मिनिटात. मध्ये कुठे मैद्याची पांढरी रेघ दिसली तरी चालेल. गोळा अजून ओला वाटला तर मैदा एकेक चमचा वाढवा, पण २८० च्या वर जायची वेळ आली तर समजून जा की गडबड बटाट्यात आहे आणि मैदा तिला फक्त झाकतोय.

तपासा: गोळा सुरीने मधोमध कापा. कापलेली बाजू थोडी खरबरीत, बारीक भोकांची दिसली तर छान. गुळगुळीत, चकचकीत दिसली आणि बोटाने दाबल्यावर पीठ परत वर आलं तर जास्त मळलंय. असं झालं तर त्याला अजून हात लावू नका, झाकून १५ मिनिटं ठेवा आणि मग वळा, पूर्ण सुधारणार नाही पण खाण्यालायक होईल. पीठ वाट बघत नाही म्हटलं तरी इथे ठेवायचंच, तेवढं एकच कारण त्याला माफ.

## टप्पा ५: एक तुकडा आधी उकळून बघा

सगळं वळून झाल्यावर पाण्यात टाकून मग कळतं की विरघळतंय, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून मिसळून झालं की लगेच लिंबाएवढा गोळा घ्या, त्याचे दोन-तीन तुकडे करून छोट्या पातेल्यातल्या उकळत्या मिठाच्या पाण्यात टाका. हे पाणी बटाटे सोलतानाच उकळायला ठेवलेलं हवं, नाहीतर पाणी तापेपर्यंत पीठ सैल पडतं.

तुकडा वर आला, आकार धरून राहिला आणि जिभेने टाळूवर दाबल्यावर सहज दबला तर पीठ जमलं. कडा झडून पाणी गढूळ झालं तर एक-दोन चमचे मैदा चाळून घाला, दोनदा दुमडा, परत एक तुकडा. दाताला रबरी लागला तर मैदा जास्त झालाय, ते आता कमी होणार नाही, तुकडे लहान कापा आणि सॉस थोडा सैल ठेवा. मीठही याच वेळी बघून घ्या.

## टप्पा ६: वळणं, कापणं, रेघा

गोळ्याचे सहा भाग करा, एक हातात, बाकीचे कापडाखाली. ओट्यावर मैदा अगदी नावाला. फार मैदा टाकला तर पीठ घसरतं, वळलंच जात नाही, आणि तो मैदा पुढे पाण्यात उतरून चिकचिकाट करतो. बोटं पसरून मधून बाहेरच्या बाजूला हलकं फिरवत साधारण २ सेंटीमीटर जाडीच्या लांब वळ्या करा आणि २-२ सेंटीमीटरवर धारदार सुरीने कापा. वळी मध्येच तुटली तर जोडायचा खटाटोप करू नका, तिथूनच कापा.

काट्यावर वळायचं तर काटा उलटा, टोकं ओट्याला टेकवून धरा, तुकडा वरच्या बाजूला ठेवा आणि अंगठ्याने दाबत खाली घसरवा. एका बाजूला रेघा पडतात, दुसऱ्या बाजूला अंगठ्याची खळी. दिसायला छान असतंच, पण खळीमुळे तुकडा मध्ये पातळ होऊन एकसारखा शिजतो आणि रेघांत सॉस धरून राहतो. पीठ मऊ असेल आणि तुकडे काट्याला चिकटत असतील तर रेघांचा नाद सोडा, नुसत्या अंगठ्याने खळी करा.

रवा भुरभुरवलेल्या ट्रेवर एकाच थरात, एकमेकांना न टेकवता ठेवा. तासाभरात उकळायची नसेल तर ट्रे सरळ फ्रीझरमध्ये. कच्ची न्योकी फ्रीजमध्ये ठेवली की तिला पाणी सुटतं, तुकडे खाली चिकटतात आणि काळपट पडतात.

## टप्पा ७: सीफूडची तयारी आणि भाजणं

साफसफाई बटाटे उकडत असतानाच उरकलेली बरी. फक्त तिसऱ्यांमध्ये रेती असते, त्या त्याआधीच लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात एक-दोन तास ठेवा, साध्या पाण्यात ठेवलं तर मरतात. मसल्सच्या शिंपल्यातून लोंबणारे केसासारखे धागे ओढून काढा, शिंपले घासून धुवा.

थांबा: शिजवण्याआधी उघडा असलेला आणि टकटक केल्यावरही न मिटणारा शिंपला फेकून द्या. फुटलेलाही फेका. आणि शिजल्यावर जो उघडलाच नाही तोही फेकून द्या, जोर लावून उघडू नका. इथे काटकसर नको.

कोळंबीला पाव चमचा मीठ चोळून १५ मिनिटं ठेवा आणि मग टिश्यूने टिपून अगदी कोरडी करा. स्क्विडच्या सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या, त्याही कोरड्या. टिपलेलं परत पाण्याखाली धरायचं नाही.

आधी शिंपले. पसरट पॅन तापवून त्यात शिंपले आणि ५० मिली वाइन, वर घट्ट झाकण, मोठी आच, ३ ते ५ मिनिटं. जे उघडतील ते काढत जा, सगळे उघडायची वाट बघितली तर पहिले उघडलेले आक्रसतात. मांस काढून घ्या, पाच-सहा शोभेला शिंपल्यासकट राहू द्या. पॅनमधलं पाणी सुती कापडातून गाळा, तळाचा शेवटचा चमचा सोडून द्या, रेती तिथेच बसते. हे पाणी चाखून बघा, बरंच खारट असतं.

पॅन पुसून पुन्हा मोठ्या आचेवर, चमचाभर तेल. तेलातून हलका धूर यायला लागला की स्क्विड, एका थरात, ४५ सेकंद ते एक मिनिट, बाहेर. स्क्विडचा नियम असा की दोन मिनिटांच्या आत काढा नाहीतर अर्धा तास शिजवा, मधल्या वेळात तो चाववत नाही. मग कोळंबी, गर्दी न करता, दोन खेपांत, प्रत्येक बाजू ४५ सेकंद ते मिनिटभर. मध्यभागी किंचित काचेसारखी असतानाच काढा, पुढे ती गरम सॉसमध्ये परत जाणार आहे आणि राहिलेलं तिथे शिजेल. इंग्रजी सी सारखी वळली की बस, गोल कडं झालं म्हणजे उशीर झाला. सगळं ताटलीत काढा आणि झाकू नका, झाकलं की वाफेवर शिजत राहतं.

## टप्पा ८: सॉस

त्याच पॅनमध्ये, न धुता. आच मध्यम, ३० ग्रॅम बटर, दुसरा कांदा अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ. कांदा मऊ पारदर्शक व्हायला हवा, लाल नाही, ५ मिनिटं तरी द्या. मग बारीक लसूण, अर्धा मिनिट, रंग बदलू द्यायचा नाही, करपलेला लसूण क्रीममध्ये लपत नाही.

उरलेली १०० मिली वाइन घाला आणि जवळजवळ कोरडी होईपर्यंत आटवा. ही पायरी लोक घाईत उरकतात आणि लगेच क्रीम ओततात, मग आंबटपणामुळे क्रीम फाटतं आणि चवीला कच्ची वाइन लागते ती वेगळीच. वाइन आटली की २०० मिली स्टॉक आणि शिंपल्यांचं ५० मिली पाणी, मोठ्या आचेवर निम्मं होईपर्यंत. आता आच कमी करा आणि क्रीम. हलकी उकळी, कडेने बुडबुडे येतील इतपत, ४ ते ६ मिनिटं.

क्रीम २० ते २५ टक्के फॅटचंच मिळत असेल तर ते जपून वापरा: अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर थंड क्रीममध्ये नीट मिसळून घाला, खळखळ उकळू देऊ नका, लिंबू गॅस बंद केल्यावरच.

तपासा: चमचा बुडवून पाठीवरून बोटाने रेघ ओढा, रेघ राहिली पाहिजे पण सॉस चमच्यावरून थेंब थेंब पडलाही पाहिजे. हवा त्यापेक्षा थोडा सैलच ठेवा, न्योकीचा स्टार्च उतरला की तो आपोआप दाट होतो. मीठ आत्ता बघा, बहुतेक वेळा लागतच नाही.

फाटलाच तर गॅस बंद, पॅन बाजूला, दोन-तीन चमचे थंड क्रीम घालून व्हिस्कने जोरात फेटा. बहुतेक वेळा जुळून येतो.

चीज घालू का, असं हमखास विचारतात. मी घालत नाही. इटलीतही माशांच्या सॉसवर चीज सहसा घालत नाहीत, आणि चवीने बघितलं तरी कवचांच्या स्टॉकमधून एवढ्या मेहनतीने काढलेला स्वाद त्याखाली दबून जातो.

## टप्पा ९: उकळणं आणि जुळवणं

मोठ्या पातेल्यात ४ ते ५ लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. हे पाणी सीफूड भाजायला घेतानाच ठेवलेलं हवं. उकळी आली की न्योकी घाला, सगळी एकदम नाही, तीन खेपांत. एकदम घातली तर पाणी थंड पडतं आणि तळाला बसलेले तुकडे भिजून सुटतात. घातल्यावर लाकडी चमच्याने तळापासून एकदाच हलकेच ढवळा आणि आच अशी ठेवा की पाणी उकळत राहील पण उसळणार नाही, उसळत्या पाण्यात मऊ तुकडे एकमेकांवर आपटून झडतात.

एक ते तीन मिनिटांत तुकडे वर येतात. वर आल्यावर अजून २०-३० सेकंद, मग झाऱ्याने काढा, पाणी निथळू द्या आणि थेट सॉसच्या पॅनमध्ये. चाळणीत ओतायचं नाही, स्वतःच्या वजनाने चेपतात.

सॉस या वेळी मंद आचेवर गरम हवा. पॅन हँडलला धरून गोल हलवा, चमचा कमीत कमी वापरा. तिसरी खेप आत गेली की ताटलीत सीफूडला सुटलेलं पाणी आधी सॉसमध्ये ओता, ते फेकू नका, मिनिटभर हलवा. सॉस घट्ट वाटला तर न्योकीच्या पाण्याचे दोन-तीन चमचे घाला. मग कोळंबी, स्क्विड, शिंपल्यांचं मांस, फक्त ३०-४० सेकंद, नुसतं गरम होईपर्यंत. कोळंबीचा मधला काचेसारखा भाग आता पांढरा झालाय ना, एक कापून बघा. गॅस बंद. मग उरलेलं १० ग्रॅम बटर, लिंबाचा रस एक-दोन छोटे चमचे, लिंबाची किसलेली साल, मिरी, पार्सली.

ताटल्या आधी गरम करून ठेवा, गरम पाण्यातून काढून पुसल्या तरी पुरे. थंड ताटलीत क्रीम सॉस दोन मिनिटांत थिजतो. लगेच वाढा, फोटो नंतर.

## उरलं तर

वळलेली कच्ची न्योकी ट्रेवर सुटी गोठवून मग पिशवीत भरा, महिनाभर चांगली राहते. वापरताना बाहेर काढून मऊ होऊ द्यायची नाही, गोठलेली तशीच उकळत्या पाण्यात, छोट्या छोट्या खेपांत, वर यायला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतील.

नुसती उकळलेली, सॉस न लागलेली न्योकी उरली तर थोडं तेल चोळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बटरमध्ये दोन्ही बाजूंनी कुरकुरीत परता, परत उकळू नका. सॉससकट उरलेली दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. गरम करताना कोळंबी आणि स्क्विड वेगळे काढा, बाकीचं चमचाभर पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर वाफाळेपर्यंत गरम करा आणि सीफूड शेवटी घालून तेही आतपर्यंत चांगलं गरम होऊ द्या. पहिल्या दिवशीइतकं मऊ राहणार नाही, पण उरलेल्या सीफूडला कोमट ठेवून चालत नाही.